टीव्हीला मराठवाडा उन्हाळ्यातच का आठवतो?

गोदाकाठ (परभणी)

मंडळी, विषय जुना आहे आणि रडगाणं वाटायची शक्यता आहे, तरी धागा काढतोय.

मार्च सरला की मुंबईच्या वाहिन्यांच्या गाड्या आमच्याकडं यायला लागतात. भेगाळलेली जमीन, हंड्यांची रांग, विहिरीत दोर सोडून उभी असलेली बाई. मृगाचा पाऊस पडला की गाड्या परत. मधल्या महिन्यांत मोंढ्यात सोयाबीनचा भाव पडतो, कापूस वेचायला माणूस मिळत नाही, परळीच्या औष्णिक केंद्राची राख लोकांच्या घरात शिरते, लातूरच्या शिकवण्यांसाठी बाप जमीन गहाण ठेवतो. हे टीव्हीच्या लेखी घडतच नाही. याला अपवाद तीनच: खून, मोर्चा आणि निवडणूक.

आम्हाला दाखवत नाहीत, ही माझी तक्रार नाही. जे दाखवतात ते बघून आमचा प्रश्न आम्हालाच कळेनासा झालाय, ही तक्रार आहे. एकच उदाहरण घ्या. एप्रिल २०१६, मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे. इंजिनाला हार, फलाटावर कॅमेरे, कुणाच्या नावाचा बॅनर मोठा यावरून भांडणं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकीत पन्नास हजार लिटर. म्हणजे पाच लाख लिटर पाणी. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार. भागाकार करा. माणशी सव्वा लिटरच्या थोडं वर! नंतर पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली तेव्हा माणशी साडेसहा लिटर. साडेतीनशे किलोमीटरवरून. दिवसदिवस लाइव्ह चालू होतं, पण हा भागाकार मी एकाही अँकरच्या तोंडून ऐकला नाही. रेल्वे आली, लातूर वाचलं, विषय संपला.

पैसेवारी, म्हणजे गावात पीक रुपयाला किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, कशी काढतात, पन्नास पैशांच्या आत-बाहेर झाल्यानं गावाला काय मिळतं, काय जातं, हे टीव्हीवर कधी बघितलंय कुणी? आमच्याकडं शेंबडं पोरगं पैसेवारीबद्दल बोलतं.

मालिकांबद्दल वेगळा धागा काढावा लागेल. तिथं तर आम्ही नाहीच.

---

लातूरचा अण्णा

गोदाकाठ, हिशोब बरोबर हाय. पण एक बाजू राहिली. ज्याच्या घरी आठ-पंधरा दिवस नळाला थेंब नव्हता, त्याला सव्वा लिटरचं सुद्धा अप्रूप होतं. रेल्वेला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही.

मी तेव्हा इथंच होतो. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावलं होतं, टाकीपाशी पाचजण उभं राहायची चोरी. ती बातमी झाली, कारण पोलीस आणि पाणी एका फ्रेममध्ये आले. पण धनेगावचं मांजरा धरण कशानं रिकामं झालं, हे कुणी विचारलं? लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब एवढी गावं त्याच धरणावर आणि धरणाच्या दोन्ही अंगांना ऊस. पाऊस कमी झाला हे खरंच, पण होतं ते पाणी कुठं गेलं? चर्चेत कुणी उसाचं नाव काढलं की अँकर म्हणायचा, ‘थोडक्यात सांगा, आपल्याकडे वेळ कमी आहे.’

आणि त्याच महिन्यात आयपीएल! हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. रोज संध्याकाळी एका खिडकीत हिरवं मैदान, दुसऱ्या खिडकीत आमचे हंडे. लोकांना संताप यायचा, यायलाच पाहिजे. पण वानखेडेचं पाणी लातूरला येणार होतं का? ऊस-धरणाचं भांडण किचकट, मैदान-हंड्याचं सोपं. सोपं तेवढं लावलं.

---

शुभदा के. (पुणे)

मुद्दे पटले, पण मला नेहमी एक प्रश्न पडतो. टीव्ही हा धंदा आहे. लोक जे बघतात ते दाखवतात. मराठवाड्यातला प्रेक्षक स्वतः संध्याकाळी काय लावतो? पैसेवारीवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागला तर तुमच्या घरचेच रिमोट उचलतील. मागणी तसा पुरवठा. वाहिनीला दोष देऊन काय उपयोग?

---

अंबडचा केबलवाला

शुभदाताई, पुरवठ्याचं नंतर बघू. मागणी मोजतं कोण, ते आधी सांगतो. वीस वर्षं या धंद्यात आहे, दोन शब्द लिहितो.

टीआरपी म्हणजे काही निवडक घरांत बसवलेलं यंत्र. चॅनलच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते, ती यंत्र पकडतं. घरातल्या प्रत्येकाला एक बटण, टीव्हीसमोर बसला की आपलं बटण दाबायचं. पूर्वी हे मोजमाप टॅम नावाची कंपनी करायची, तेव्हा बरीच वर्षं यंत्रं फक्त लाखाच्या वर वस्तीच्या शहरांत होती. खेडं हिशोबातच नाही! म्हणजे आमचं अंबड नाही, घनसावंगी नाही, मंठा नाही. तेव्हा आम्ही टीव्ही बघायचो, पण कागदावर बघत नव्हतो. २०१५ मध्ये टॅमच्या जागी बार्क नावाची संस्था आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून खेड्यातले आकडे धरायला सुरुवात झाली. तर काय झालं? फुकट दिसणाऱ्या हिंदी वाहिन्या वरच्या नंबरात जाऊन बसल्या. मुंबईवाल्यांचे डोळे पांढरे. एवढे लोक होते, फक्त कुणी मोजले नव्हते.

आता खेडं मोजतात, पण आमचा गठ्ठा ‘महाराष्ट्र-गोवा’. त्यात मुंबई, पुणे, पणजी आणि आमचं शहागड एकत्र. जाहिरातवाला विचारतो, गाडी घेणारा, फ्लॅट घेणारा प्रेक्षक किती? तो शहरात. मग मालिका त्याच्याकडं तोंड करून बनते. खेड्यातली माणसं नुसती बेरजेला.

दुसरं म्हणजे आमच्याकडं लोकांनी केबल का सोडली? १ फेब्रुवारी २०१९ ला नवा दर आला. शंभर वाहिन्यांचे १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, वर तुम्हाला पाहिजे त्या पैशाच्या वाहिन्या वेगळ्या. जो माणूस मला पूर्वी शे-दीडशेत सगळं बघायचा, तो म्हणला, जाऊ दे. बाजारातून एकदाच छत्री आणली, दूरदर्शनची फ्री डिश लावली, महिन्याचं भाडं शून्य. तिथंही सुख नाही. मोठ्या कंपन्यांनी आपल्या मोफत वाहिन्या २०१९ मध्ये फ्री डिशवरून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या, २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. मोफत बघणारा प्रेक्षक आकडा वाढवायला पाहिजे असतो आणि पैसे भरत नाही म्हणून नको असतो.

मागणी मोजणाऱ्याच्या वजनकाट्यात खोट आहे ताई, आधी काटा बघा.

---

गोदाकाठ

केबलवाले भाऊ, एक नंबर. हे वेगळा लेख करून टाका.

---

बूम_माईक

रोज वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो. मी जिल्ह्याचा स्ट्रिंगर आहे. कोणता जिल्हा, कोणतं चॅनल विचारू नका.

आम्हाला पगार नसतो. स्टोरीमागे पैसे, तेही लागली तर. ‘लागली’ म्हणजे चॅनलवर चालली. पेट्रोल आपलं, कॅमेऱ्याचा हप्ता आपला, फीड पाठवायचं नेट आपलं. असाइनमेंट डेस्कवर पंचविशीतला पोरगा असतो, एकाच वेळी आठ-दहा जिल्ह्यांचे फोन. तो वाईट नसतो. त्याचा पहिला प्रश्न एकच: ‘विज्युअल काय आहे?’ झालं, इथंच निकाल लागतो. पैसेवारीला विज्युअल नाही. पीककर्जाच्या पुनर्गठनाला नाही. पीकविम्याच्या पोर्टलला नाही. हाणामारीला आहे. मोडक्या पुलावरून जाणाऱ्या पोरांना आहे. विहिरीला आहे.

आत्महत्येच्या घरी जातो तेव्हा डेस्कला दोन गोष्टी पाहिजेत: फोटोला हार आणि बायकोचा बाईट. बाईटात रडू आलं तर स्टोरी नक्की लागते. आता त्या घरात खरी बोलाचाली कशाची चाललेली असते? पात्र की अपात्र. सरकारी मदत एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार बाईच्या नावावर ठेव. पण प्रकरण पात्र ठरलं तरच. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. गावातल्या बिगरपरवाना माणसाकडून पाच टक्क्यानं घेतलेलं असलं तर कागद कुठून आणणार? नवरा गेला आणि वर शेरा ‘अपात्र’. ती बाई हे सगळं सांगत असते, दीर फाईल काढून दाखवत असतो. आणि आमच्या बूमवर एकच प्रश्न, ‘तुम्हाला काय वाटतंय?’

एक प्रसंग सांगतो. आष्टी-पाटोद्याकडं एका वाडीवर गेलो होतो, मे महिना. विहिरीवर एक मावशी पाणी शेंदत होती. मी शॉट घेतला, कॅमेरा खाली केला. तीच मला म्हणली, ‘परत शेंदू का? मागच्या साली आलता त्याला तीनदा करून दाखवलं, तरी त्याचं समाधान होईना.’ आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता कळशी सोडली, तोंड बरोबर कॅमेऱ्याकडं, उजेड कुठून येतो ते बघून. आमच्या कॅमेरामनला जमत नाही इतकी फ्रेम तिला पाठ! नंतर पदरानं तोंड पुसून म्हणली, ‘टँकरच्या खेपा कागदावर दोन हाईत, गावात एकच येते. ते घ्या की त्याच्यात.’ ते मी घेतलं. लागलं नाही.

---

शुभदा के.

माझं ‘मागणी तसा पुरवठा’ मागे घेत नाही, पण केबलवाल्या दादांचा काट्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. बूम_माईक, ती खेपांची गोष्ट नंतर कुठल्या पेपरात तरी आली का?

---

बूम_माईक

जिल्हा पानावर चार ओळी आल्या. ग्रामसेवकानं खुलासा दिला. पुढं काही नाही.

---

माजलगावकरीण

दादा लोकांनो, तुम्ही सगळे बातम्यांवरच बोलायलेत. मालिकांचा विषय गोदाकाठ भाऊंनी एका ओळीत गुंडाळला. आमच्या घरात बातम्या बघतात मिनिटभर, मालिका बघतात दोन तास. खरा टीव्ही तो.

आधी एक सांगते. मालिका बघणाऱ्या बायांना नाकं मुरडायचं बंद करा. माझी सासू पहाटे पाचला उठती, शेण-पाणी, रानात खुरपं, परत येऊन भाकरी. साडेसातला टीव्हीसमोर बसती तेव्हा दिवसात पहिल्यांदा बूड टेकलेलं असतं. त्या वेळेत ती कुणाची सासू नसती, कुणाची सून नसती. तेवढ्यासाठी ती काय बी बघंल.

म्हणूनच राग येतो. त्या दोन तासांत तिला दाखवता काय? बायको म्हणजे सोसणारी नाहीतर कपटी, तिसरी नाहीच. वटपौर्णिमेला सगळ्या मालिकांत वडाचं झाड, संक्रांतीला हळदीकुंकू, मध्येच कुणीतरी चमचा हातात धरून मसाल्याचं पाकीट कॅमेऱ्याकडं करतं. तासाला बारा मिनिटांच्या वर जाहिरात नको असा नियम आहे म्हणतात, पाकिटाचं हे कौतुक त्या बारा मिनिटांत धरत असतील का?

आणि मालिकेतलं खेडं! चौसोपी वाडा, पाटील, फेटा, तुळशीवृंदावन, सुनेच्या अंगावर रानात जाताना पैठणी. एसटीची वाट बघत कुणी उभं नाही, बचत गटाचा हप्ता नाही, आशाताई नाही, रेशनच्या अंगठ्याला मशीन नाही म्हणतं ते नाही. आमच्या बीड जिल्ह्यातून दसरा झाला की लाखानं माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, पोरं संग नाहीतर आजीजवळ. सहा महिने गावंच्या गावं म्हाताऱ्यांवर. एका कोयत्यात जेवढं नाट्य आहे तेवढं तुमच्या दहा वाड्यांत नाही. तरी एक मालिका काढून दाखवा!

टीव्हीला ऊसतोडीच्या बाया दिसल्या २०१९ ला, गर्भपिशव्या काढल्याची बातमी फुटली तेव्हा. आठवडाभर गाड्या होत्या. सरकारनं समिती नेमली. समितीनं पुढं काय केलं ते विचारायला कुणी आलं नाही. बाया परत तोडीला गेल्या.

---

मामू, औरंगपुरा

ताई, सलाम. एक अवांतर (नेहमीप्रमाणे).

मराठवाड्याची बोली टीव्हीवर नाही असं नाही बरं का. आहे ना! हिरोचा दोस्त, घरगडी, हवालदार आणि स्किटमधला बावळट. हिरो बोलणार पुण्याचं, आमचा मानूस बोलला की मागून हसण्याची टेप. गंमत बघा, नट मात्र भरपूर इथलेच. आमच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात लक्ष्मण देशपांडे होते, एकट्यानं बावन्न पात्रं उभी करायचे इथल्याच बोलीत आणि लंडन-अमेरिकेपर्यंत हाऊसफुल. जिगीषा ही नाटकाची संस्था इथलीच, तिचे चंद्रकांत कुलकर्णी-प्रशांत दळवी इथलेच. मकरंद अनासपुरेनं तर ह्याच बोलण्यावर पिक्चर चालवले. माल आमचा, दुकान मुंबईत, आन पाटीवर आमचं नाव नाही. चलता है मामू.

---

शुभदा के.

मामू, एक व्यावहारिक अडचण सांगते, माझी बहीण मालिकांच्या कला विभागात काम करते. आठवड्याला सहा भाग. रोज साधारण एक भाग शूट व्हायलाच लागतो, आधीच शूट करून ठेवलेल्या चार-सहा भागांची बँक हाताशी नसेल तर वाहिनीचा जीव टांगणीला. नट दुपारी दुसरीकडे डबिंगला जाणार, रात्री नाटकाचा प्रयोग. म्हणून सेट चित्रनगरीत, मीरा रोडला, घोडबंदरला. फार तर साताऱ्या-कोल्हापूरला, तिथं भाड्यानं सामान आणि माणसं मिळतात. माजलगावला युनिट न्यायचं तर लाईटपासून मेकअप व्हॅनपर्यंत सगळं लादून न्यायचं. कुणी मुद्दाम टाळतं असं नाही.

---

माजलगावकरीण

मग एप्रिल २०२१ मध्ये राज्यात शूटिंग बंद झालं तेव्हा गोव्याला, सिल्व्हासाला कशी गेली सगळी युनिटं? रातोरात कथा बदलल्या, अख्खी कुटुंबं सहलीला निघाली. गरज पडली की व्हॅन बी जाती आन लाईट बी.

(तेव्हा आमच्याकडं पण शूटिंग बंदच होतं, ते माहीत आहे. मुद्दा माजलगावचा नाही, नेता येतं का नाही याचा आहे. आणि सेट मुंबईत लावून गोष्ट माजलगावची सांगायला कुणाची ना आहे? वाडा प्लायवूडचा चालतो, मग ऊसतोडीची कोपी प्लायवूडची चालंल की.)

---

सास्तूर_रोड

वयानं मोठा आहे, जुनं सांगतो. गोड करून सांगणार नाही.

किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं. तेव्हा मराठी बातम्यांची खाजगी वाहिनी हा प्रकारच नव्हता. बातमी रेडिओवर, मग दूरदर्शनवर, दुसऱ्या दिवशी पेपरात. परदेशी कॅमेरे आले तेव्हा ढिगारे आणि मढी त्यांनीही टिपलीच, रडणाऱ्या बाईच्या तोंडाजवळ माईक त्यांनीही नेला. तेव्हाचे पत्रकार संत होते असं कुणी म्हणू नये.

पण एक फरक होता. कॅमेरे गेल्यावरही काही वार्ताहर येत राहिले. पत्र्याच्या शेडमधले दोन उन्हाळे, नव्या गावठाणाची जागा, घरांच्या वाटपातली वशिलेबाजी, जुन्या गावातलं वतन नव्या गावात कसं धरायचं यावरून भांडणं, हे सगळं छापून आलं. रोज तासातासाला नवं काही दाखवायचं बंधन त्यांना नव्हतं. आता सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा-भूमकडं बघितलं. गुडघाभर पाण्यात उभा राहून प्रतिनिधी ओरडतोय, मागून बोट चाललीय. पाणी ओसरलं, प्रतिनिधीही ओसरला. शेतातली माती खरवडून गेली तिचं काय, हे चिखल वाळल्यावर विचारायचं असतं.

जाता जाता दूरदर्शनचंही सांगतो, कारण कुणीतरी ‘आमची माती आमची माणसं’चे दिवस काढणारच. कार्यक्रम चांगला होता, मी बघायचो. पण १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून शेतीचं, आरोग्याचं शिक्षण द्यायचा देशातला पहिला मोठा प्रयोग झाला तेव्हा सहा राज्यांतली २४०० गावं निवडली. महाराष्ट्र त्यात नव्हताच. शिवेपलीकडं गुलबर्गा जिल्ह्यातल्या गावांत चावडीवर संच आले, आमच्या उमरगा भागात नाहीत. मुंबईत केंद्र १९७२ पासून होतं, राज्यात टीव्ही आहे असं समजून आम्हाला वगळलं असेल. मुंबईचं टॉवर उमरग्याला दिसतं का, हे कुणी बघितलं होतं?

---

लातूरचा अण्णा

काका, तुम्ही लिहा हो आणखी. शेडमधल्या दिवसांचं वेगळं लिहा.

---

बीडचा पोऱ्या

बीडबद्दल बोलल्याशिवाय हा धागा पुरा होत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. टीव्हीनं तो लावून धरला. मी हे आभारानं म्हणतो. लावून धरला नसता तर काय झालं असतं, हे इथल्या कुणालाही विचारा. म्हणून ‘टीव्ही वाईट’ असं सरसकट म्हणवत नाही.

पण महिन्याभरात प्रकरण मागं आणि ‘बीडचा बिहार’ पुढं. लाल ग्राफिक, बंदुकीचा आवाज, मागं नकाशा. खून कुणी केला, तपास कुठं अडला, पवनचक्कीवाल्यांकडची खंडणी म्हणजे नक्की काय व्यवहार, यातला तपशील दहा मिनिटं आणि बदनामी दोन तास. माझा भाचा पुण्याला खोली बघायला गेला, मालकानं विचारलं कुठले, म्हणला बीड. मालक म्हणला, घरी विचारून सांगतो. दुसऱ्यांदा फोन उचललाच नाही. बिहारच्या पोरांना हे किती वर्षं सहन करावं लागलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

---

गोदाकाठ

शेवटचं वाक्य लागलं, पोऱ्या.

यूट्यूबबद्दल कुणीच कसं काही बोलेना? टीव्हीनं जागा दिली नाही, पण आता प्रत्येक तालुक्यात चार-पाच चॅनल निघालेत. आपली बोली, आपली माणसं, विनोदाचे व्हिडिओ लाखांनी बघतात. मला त्यात आशा वाटते.

---

बूम_माईक

विनोदाच्या पोरांबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती पोरं मेहनत करतात, शेतातच शूट करतात, गावातल्याच काकूला आईचं काम देतात आणि काकू भल्याभल्यांना झाकून टाकते.

बातम्यांच्या पोर्टलचं मात्र ऐका. मी जवळून बघतो. उत्पन्न कशावर? वाढदिवस. ‘दमदार नेतृत्व’, ‘युवकांचे आशास्थान’, उद्घाटन, हळदीकुंकू, सत्कार. ज्याच्या वाढदिवसाची जाहिरात घेतली त्याच्या रस्त्याच्या कामावर बोलायचं कसं? डेस्कवरचा पोरगा निदान मुंबईत असतो, त्याला इथल्या गुत्तेदाराची ओळख नसते. पोर्टलवाल्याची मोटरसायकल गुत्तेदाराच्या दारातच लागलेली. काहीजण खमकेपणानं लिहितात, त्यांना नोटिसा येतात, कधी मारही बसतो. बाकीच्यांच्या हातात रंगीत बूम आहे, गळ्यात ओळखपत्र आहे, पोलीस स्टेशनला चहा मिळतो. मुंबईच्या चॅनलला निदान ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ बातम्यांची टीआरपी बंद होती तेव्हा तरी बदलायची संधी होती. आकडा नव्हता तरी आरडाओरडा तेवढाच. तेव्हा मला कळलं की सगळा दोष यंत्राचा नाही, सवयीचा पण आहे.

---

अंबडचा केबलवाला

हे मात्र मान्य. काट्याला खोट आहेच, पण दुकानदारालाही तीच पट्टी पडलीय.

बूमभाऊ, एक विचारू? पात्र-अपात्रचं जे लिहिलंत ते स्टोरी म्हणून द्या की. नावं नका घेऊ, फाईल दाखवा. फाईलला विज्युअल नाही कसं? शेरा लाल शाईत असतो.

---

माजलगावकरीण

आणि बाईला रडायला लावू नका. तिला फाईल वाचून दाखवू द्या. आमच्या बायका वाचतात बरं.

---

बूम_माईक

पात्र-अपात्र ठरवणाऱ्या समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे कलेक्टर ऑफिसला. दोन घरं तयार आहेत बोलायला, एक तर स्वतःहून मागं लागलंय. डेस्कला ‘लाल शाई’ म्हणून विकून बघतो. लागली तर लिंक टाकतो इथं.

---

लातूरचा अण्णा

लिंक बी टाका आन किती वाजता लागणार ते बी सांगा. आमच्या मळ्यात सिंगल फेज साडेआठला येतंय, त्याच्या आधी लागली तर आम्ही बघूच शकूलालो नाहीत.